‘काळी कसदार’च्या बंदोबस्ताबाबत

मु. बेलवस्ती, पो. उंब्रज
दि. १९ एप्रिल

तीर्थरूप दाजींच्या पायांवर (ते पाय सध्या मला लाथाडायच्या तयारीत असतील हे ओळखून, जरा लांबूनच) धाकटा मेहुणा दादासो याचा साष्टांग दंडवत.

इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? आक्काची साखर काय म्हणते? तुमच्या रक्तदाबाची चौकशी मी दरवेळी मायेपोटी करतो, या वेळी गरज म्हणून करतो आहे. सकाळची गोळी घेतली नसेल तर आधी घ्या, वर अर्धा तास जाऊ द्या आणि मग पुढं वाचा. पत्र लिहायचं कारण एवढंच की गेले नऊ दिवस तुम्ही माझा फोन उचलत नाही. माझ्या फोनवरून केला तरी नाही, बायकोच्या, राहीच्या, फोनवरून केला तरी नाही, आणि परवा सोसायटीच्या सेक्रेटरीच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकताच तुम्ही “राँग नंबर, दादासो” म्हणून ठेवून दिलात. (दाजी, राँग नंबरवाल्याला कोणी नावानं हाक मारत नाही.) पोस्टमनला काही राँग नंबर म्हणता येत नाही, म्हणून हा उद्योग. शाळा सोडल्यापासून एवढं लांबलचक मी काही लिहिलेलं नाही. फौजेतून घरी पत्रं टाकायचो त्यात “मी खुशाल आहे, तूप मिळालं” यापलीकडे मजकूर नसे.

तुमची आज्ञा मी विसरलेलो नाही. होळी झाल्यावर तुम्ही चि. वीरधवलला माझ्या ताब्यात दिलंत आणि बजावलंत की पोरगं चोवीस वर्षांचं झालं, डिग्री झाली, आणि तरी तुमच्याकडं विश्रामबागेत एका पोरीला जोडीला घेऊन दिवसभर गिटार बडवत बसतं. शिरवळच्या कारखान्यात तुमच्या ओळखीनं स्टोअरमधली नोकरी ठरली आहे, मेच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचं आहे. तोवर त्याच्या डोक्यातलं हे खूळ काढायचं आणि सरळ शिरवळच्या एसटीत बसवून द्यायचं. “तू मिलिटरीतला, तुझं ऐकेल,” असं म्हणालात. दाजी, मी वीस वर्षं फौजेत होतो हे खरं, पण माझं ऐकायचे ते माझ्या खांद्यावरच्या फितींमुळे. त्या फिती ट्रंकेत ठेवल्यापासून या घरात माझं कोंबडीसुद्धा ऐकत नाही, हे तुम्ही आक्काला विचारलं असतंत तर तिनं सांगितलं असतं.

तरी मी कामगिरी मनापासून घेतली. पहिल्या दिवशी पहाटे पाचला भाच्याला फॉल-इन केलं आणि तारळीच्या पुलापर्यंत पळवत नेलं. दुसऱ्या दिवशी ऊस बांधणी. तिसऱ्या दिवशी अंगणात परेड. चौथ्या दिवशी मी “लेफ्ट-राइट” ओरडत होतो आणि हा पाय आपटता आपटता तोंडानं काहीतरी पुटपुटत होता. विचारलं तर म्हणाला, “मामा, तुमच्या आवाजाला काय धार हाय! जरा आनी एकदा म्हना की.” मीही मूर्खासारखा म्हणालो. एकदा नव्हे, चारदा. संध्याकाळी माझ्या लेफ्ट-राइटचं गाणं तयार होतं आणि राही ते भाकरी थापता थापता गुणगुणत होती. शत्रूच्या प्रदेशात आत शिरून त्याचीच शिदोरी खाण्याचा जो डावपेच आम्हाला शिकवला होता, तो माझ्या घरात माझ्यावरच वापरला गेला.

सहाव्या दिवशी टेंपोतून ढोल उतरले. ढोलांच्या मागून कु. शिवांजली उतरली. विश्रामबागेतली जोडीची पोरगी ती हीच, तासगावकडच्या एका रिटायर सुभेदाराची मुलगी, उंचीपुरी, आवाज खणखणीत, आणि मनगटं अशी की मी पंजा लढवायचा विचार मनातल्या मनात रद्द केला. तुमच्या मनात जी शंका आहे ती माझ्याही मनात होती, म्हणून मी तिला सरळच विचारलं, की पोरी, लग्नाचं काही आहे का तुमचं? ती एवढी हसली की गोठ्यातून राही धावत आली. म्हणाली, “आवं मामा, ह्याच्यासंगं वाजवायचंच लय झालं. संसाराला बघीन की एखादा शांत.” तेव्हा त्या बाजूनं तुम्ही निर्धास्त राहा. ती राहीच्या खोलीत झोपते, राही तिच्या केसांना तेल लावते आणि मला ओट्यावर हाकललेलं आहे.

आता त्यांच्या संगीताबद्दल. मी विचारलं, हे कसलं म्हणायचं? तर भाचा म्हणाला, अमेरिकेच्या दक्षिणेकडल्या खेड्यापाड्यांतलं मुळातलं रॉक. मी बेळगावात ट्रेनिंग केलेला माणूस. माझी दक्षिण राज्याच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्याच्या पुढं सुरू होते, आणि तिकडं मी असला आवाज कधी ऐकला नव्हता. मग त्यानं बसवून समजावलं, की तिकडंही असंच उकडतं, नदीला पूर येतो, तिकडं कापूस तसा आपल्याकडं ऊस, माणसं दिवसभर राबतात, रविवारी देवाला जातात आणि शनिवारी कुठं जातात ते देवाला सांगत नाहीत. मी म्हटलं, म्हणजे आपलंच की रे सगळं. “व्हय मामा, म्हनून तर आमी हितलं वाजवतोय!” बँडचं नाव त्यांनी ठेवलं आहे ‘काळी कसदार’. हे नाव रंगवलेली पाटी, ते तालीम करतात त्या गोठ्याच्या दाराला लावल्यावर दोन दिवसांत तिघे शेतकरी पिशवीतून आपल्या रानाची माती तपासायला घेऊन आले. शिवांजलीनं तिघांना चहा पाजला आणि एकेक गाणं ऐकवलं. त्यातला एक अजून रोज येतो, मातीची पिशवी हातात धरून.

बँड म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढं वीस-पंचवीस माणसं, लाल कोट आणि पुढं एक झुपकेदार मिशांचा क्लॅरोनेटवाला येतो. हे दोघंच. पण आवाज बघाल तर पलटण हलल्यासारखा. पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातल्या फळीवरचे डबे दर गाण्याला दोन बोटं पुढं सरकू लागले, राही दर अर्ध्या तासानं जाऊन ते मागं ढकलून यायची. माझ्या ट्रॅक्टरच्या पान्यांच्या सेटमधली एकोणीस नंबरची गोटी (नट पिळायची ती पोकळ नळी) तीन दिवस सापडत नव्हती. शोधून शोधून मी ऊसतोड्यांवर आळ घेणार तेवढ्यात ती भाच्याच्या करंगळीत दिसली. ती गोटी बोटात घालून तो गिटारीच्या तारांवरून घासतो आणि तारा अशा कळवळतात की मेलेल्या माणसाची आठवण यावी. मी रागानं गोटी काढून घेतली. अठराची देऊन बघितली, तर म्हणे आवाज पातळ येतो. शेवटी एकोणीसचीच परत दिली. तेव्हापासून ट्रॅक्टरचं चाक एका नटाविना चालतं आहे.

आता मुख्य प्रकरण, ज्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ तुम्ही (आक्का सांगत होती, ऑफिसात, आवाज बंद करून) पाहिलात आणि माझ्याशी बोलणं टाकलंत. आमच्या भैरोबाच्या यात्रेचा एक रिवाज आहे. जावई म्हणून तो तुम्हाला ठाऊक असेल, पण बारकाईनं नसेल, कारण यात्रेला तुम्ही थेट जेवायच्या वेळेला येता. पालखी वाजंत्रीवर चालते. वाजतंय तोवर चालायचं, वाजायचं थांबलं की पालखीनं जागच्या जागी थांबायचं, आणि ज्या दारात पालखी थांबली त्या घरच्या बाईनं खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घालून देवाला ओवाळायचं. ओवाळल्याशिवाय पालखी पुढं हलत नाही, मग वाजंत्री पुन्हा सुरू होवो की आभाळ पडो. अर्थात थांबे ठरलेले. पाच मानाची घरं, त्यांतलं पहिलं वरच्या आळीच्या शंभूराज आबांचं. उंब्रजचे वाजंत्री तीन पिढ्या येतात, त्यांना हे थांबे झोपेतही चुकत नाहीत, त्यामुळे हा रिवाज कुणी कुणाला कधी सांगत नाही. जे सगळ्या गावाला ठाऊक असतं ते सांगावं लागतं हे कुणाला सुचतच नाही. तिथंच माझा घात झाला.

यंदा वाजंत्री आणायची पाळी आमच्या भावकीची, म्हणजे माझी. यात्रेच्या आदल्या दुपारी निरोप आला की वाजंत्र्यांच्या घरातलं म्हातारं माणूस गेलं, दहा दिवसांचं सुतक, देवापुढं वाजवता येणार नाही. मी कराडपासून काशीळपर्यंत फोन लावले. यात्रांच्या दिवसांत मोकळा वाजंत्री कुठला मिळायला! मी डोकं धरून बसलो, तर राही म्हणाली, “गोठ्यात दोन वाजंत्री बसल्यात, ती दिसत न्हाईत व्हय तुमास्नी?” दाजी, देवाशपथ सांगतो, पर्याय असता तर मी हे केलं नसतं. (राही म्हणते, पर्याय होता, मलाच तो नको होता. तिच्या म्हणण्याकडं लक्ष देऊ नका.) त्या रात्री मी दोघांना बसवून सगळं समजावलं. चपला काढायच्या, डोक्याला टोपी आणि पदर, देवाकडं पाठ करायची नाही, नाचणाऱ्यांनी पैसे उधळले तर उचलायचे नाहीत, गाणी हिंदी नकोत. थांब्यांचं तेवढं राहिलं.

सकाळी नऊला पालखी निघाली. मागं माझा ट्रॅक्टर, ट्रॉलीत जनरेटर, दोन स्पीकर, ढोलांमागं पदर खोचून शिवांजली, आणि टोपी घातलेला तुमचा चिरंजीव. पहिला ठोका पडला तसे देवळाच्या शिखरावरचे सगळे पारवे उडाले आणि खांदेकऱ्यांचे पाय आपोआप उचलले गेले. पोरं नाचायला लागली, म्हातारी माणसं कपाळाला हात लावता लावता नाचायला लागली. मला वाटलं, जमलं. एवढ्यात आबांचं घर आलं. आबांची मंडळी नऊवारी नेसून, ताट, निरांजन, घागर सगळं घेऊन दारात, शेजारी आबा फेट्यात. आणि गाणं ऐन भरात. पालखी धडधडत त्यांच्या पुढून निघाली. मी ट्रॅक्टरवरून हात हलवून “थांबा, थांबा” केलं. भाच्याला वाटलं मामा खूश झाला, त्यानं आवाज वाढवला. निरांजन विझलं. तीन पिढ्यांचा मान एका गाण्यात धुऊन निघाला.

आता त्यांच्या गाण्यांची एक खोड सांगायला हवी. ऐन रंगात आल्यावर ही दोघं एकदम गप्प होतात. चार टाळ्या वाजाव्यात एवढा वेळ काहीच नाही, आणि मग पुन्हा दणका. शिवांजलीचं म्हणणं, सगळं गाणं त्या गप्प बसण्यातच असतं. असेल. पण पहिल्यांदा ती गप्प बसली ती पिठाच्या गिरणीपुढं. वाजायचं थांबलं, पालखी थांबली, आणि चार टाळ्यांनंतर गाणं सुरू झालं तरी पालखी हलेना. गिरणीत बाईमाणूस नाही. गिरणीवाला केरबा डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होऊन बाहेर आला, दोन मिनिटं देवाकडं बघत राहिला, मग आत जाऊन चिमूटभर कणीक मळून दिवा केला, त्यात गिरणीला घालायचं तेल ओतलं आणि ओवाळलं. धूर झाला, पण दिवा पेटला. पुढचा गप्प बसायचा प्रसंग वाट चुकून गावात शिरलेल्या एका पुण्याच्या गाडीपुढं आला. गाडी अडकलेली, पालखी तिच्या पुढ्यात उभी, आणि गाव म्हणतंय ओवाळा. आतली बाई शहाणी निघाली. उतरली, पदर नव्हता तर ओढणी घेतली, पाण्याची बाटली खांदेकऱ्यांच्या पायांवर रिकामी केली, आणि कुंकू नव्हतं म्हणून पर्समधल्या लिपस्टिकचा टिळा पालखीला लावला. तुम्ही पाहिलात तो व्हिडिओ हा. त्यात ट्रॅक्टरवर जो माणूस तोंड लपवून बसलेला दिसतो तो मीच आहे, आक्काची खात्री होती.

यानंतर जे झालं ते कुणाच्या व्हिडिओत नाही, म्हणून मी लिहितो. खालच्या आळीच्या अगदी शेवटच्या घरात दगडाबाई राहते. ऐंशीच्या घरातली, एकटी. लग्न होऊन आली त्या सालापासून दर यात्रेला ती पाण्याची घागर भरून उंबऱ्यात उभी राहते, पालखी पुढून निघून जाते, ती हात जोडते आणि घागर आत नेते. सगळं गाव हे बघत आलं आहे आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलेलं नाही, मलाही नाही. त्या दिवशी गाणं नेमकं तिच्या दारात गप्प झालं. पालखी थांबली. ती हात जोडून उभीच. तिला वाटलं पुढं काही अडलं असेल. खांदेकरी तिच्याकडं बघतायत, ती खांदेकऱ्यांकडं. शेवटी कोणीतरी म्हणालं, “आवं म्हातारे, पानी घाल की!” तेव्हा ती पुढं आली. अर्धी घागर तिच्याच पायांवर सांडली. ताट नव्हतं. आत जाऊन गुळाचा खडा घेऊन आली आणि तो देवापुढं धरून नुसती उभी राहिली. ट्रॉलीत दोघांचं वाजवणं आपसूक हळू झालं होतं, नुसती एक तार कळवळत होती. दाजी, मला रडू आलं. वीस वर्षं बंदूक सांभाळलेल्या माणसानं हे लिहू नये, पण फोन तुम्ही उचलत नाही, त्यामुळे लिहावं लागतं.

देवळाशी परत आलो तर आबा दारात आडवे बसलेले. पालखी पुन्हा आपल्या दारावरून न्या, थांबवा, मगच देव आत जाईल. रास्तच होतं. आता मी पोरांना रिवाज सांगितला. त्यासरशी, आपण देवाची पालखी भलतीकडं थांबवत होतो या धास्तीनं शिवांजली गप्प बसेचना. न थांबता वाजवत राहिली आणि पालखी आबांच्या दारावरून दुसऱ्यांदा धडधडत निघून गेली. तिसऱ्या फेरीला मी ट्रॅक्टर बंद करून उतरलो आणि जनरेटरचं बटण दाबून शिवांजलीच्या हातातल्या काठ्या धरल्या, तेव्हा कुठं मान मिळाला. मग आबा सगळ्या गावासमोर म्हणाले, “दादासो, फौजेत बटालियन सांभाळलीस म्हनं. दोन पोरं आवरंनात व्हय रं तुला?” गाव हसलं. मी मान खाली घातली. (मान खाली घातल्यामुळे मला एक दिसलं. तिन्ही फेऱ्यांना आबांचा उजवा पाय ताल धरत होता, आणि त्यांनी तो डाव्या पायाखाली दाबून ठेवला होता. पण हे बोलायची ती वेळ नव्हती.)

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्यानं गोटी साबणानं धुऊन, पुसून माझ्या पान्यांच्या सेटमध्ये ठेवलेली होती. गिटार गोणपाटात शिवलेली. माझ्यापुढं येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “मामा, मी शिरवळला जातो. माझ्यापायी तुमाला गावानं बोलावं, हे न्हाई बगवत. बाबांस्नी सांगा, आता न्हाई वाजवनार.” एवढंच. ना आरडाओरडा, ना रुसणं. म्हणजे ज्या कामासाठी तुम्ही त्याला माझ्याकडं पाठवलंत ते काम फत्ते झालं, आणि मी जिंकलो. शिवांजलीनं ढोलांची खोळ बांधली. घरात आवाज नाही. फळीवरचे डबे जागच्या जागी. राही तरी अर्ध्या तासानं स्वयंपाकघरात जाऊन त्यांना हात लावून येत होती.

दुपारी दगडाबाई आली. इतकी वर्षं ती आमच्या दारात कधी आली नव्हती. ओच्यात शेंगदाण्याची चटणी बांधून आणलेली. “ती वाजिवणारी ल्योकरं कुटं हायत?” म्हणाली. मी तिला खरं काय ते सांगायला हवं होतं, की म्हातारे, गाण्यातली ती एक खोड होती, तुझ्या दारात देव थांबला तो योगायोगानं. तिनं चटणी पोरांच्या हातांत दिली, दोघांची आलाबला घेतली, बोटं मोडली आणि गेली. वीरधवल ती चटणी हातात धरून गोठ्याच्या दारात कितीतरी वेळ बसला होता.

असो. अशा रीतीनं तुमची आज्ञा पूर्ण झालेली आहे. खूळ निघालं आहे, मुलगा शिरवळला जायला तयार आहे. कारखान्याचे नेमणुकीचे कागद माझ्या पत्त्यावर आले आहेत. त्यांवर हमीदार म्हणून वडिलांची सही लागते. ते सगळे कागद, एकही मागे न ठेवता, याच पाकिटातून पाठवत आहे. मिळाल्याचं कळवावं. आक्काला नमस्कार, तिला म्हणावं लोणच्याची बरणी पोचली. राहीचा उभयतांना नमस्कार. कमी-जास्त लिहिलं असेल तर लहान समजून पोटात घालावं आणि वर ताक प्यावं.

आपला आज्ञाधारक,
दादासो

ता. क. एक लिहायचं राहिलं. त्या यात्रेनंतर दोन गावांच्या खालच्या आळीतल्या बायका मला येऊन भेटून गेल्या. ज्यांच्या दारात पालखी कधीच थांबत नाही अशा. त्यांना तोच बँड हवा आहे, “जो कुटंबी थांबतो तो.” मी नाही म्हणणार होतो, पण त्यांनी नारळ-सुपारी सरळ माझ्या हातात ठेवली. देवाच्या कामाची सुपारी घेतल्यावर परत करत नाहीत हे तुम्ही जाणता. तेव्हा गोणपाट पुन्हा उसवावं लागलं. बँड दोघांचाच आहे. मी फक्त ट्रॅक्टर चालवतो. (तिसऱ्या गाण्यात त्यांनी ट्रॅक्टरचा आवाज धरला आहे आणि मला कुठं रेस करायचं ते शिकवलं आहे, पण म्हणून मी बँडमध्ये आहे असं कुणी म्हणू नये.)

ता. ता. क. खरं काम आता लिहितो. येत्या रविवारी सकाळी आठला तासगावच्या अलीकडे एका वाडीत वाजवायचं आहे. विश्रामबागेतून तुम्हाला तासाभराचा रस्ता. दाजी, या पोराला तुम्ही बालवाडीपासून कॉलेजपर्यंत स्वतः पोचवलंत, क्लासच्या बाहेर पावसात उभे राहिलात, त्याच्या तापात रात्री जागलात. पण त्याचं वाजवणं तुम्ही एकदाही ऐकलेलं नाही. व्हिडिओसुद्धा आवाज बंद करून पाहिलात. रविवारी या. ट्रॉलीच्या पुढं उभे राहा, कानात बोटं घालून का होईना. त्याला सांगू नका, मीही सांगितलेलं नाही. एक गाणं होईपर्यंत थांबा. त्यानंतर तुम्ही म्हणालात शिरवळ, तर मी स्वतः त्याला एसटीत बसवून देतो, आणि तो हूं की चूं करणार नाही. तेच मला नकोय.

ता. ता. ता. क. एव्हाना तुम्ही पानं उलटून पाहिलीच असतील. घरात दुसरा पाठकोरा कागद नव्हता. नेमणुकीचे कागद सुबक, जाड आणि एकाच बाजूला छापलेले, मजकूर वाढत गेला तसे ते पुरले. घाबरू नका, मी कारखान्यात फोन करून विचारलं आहे, महिनाअखेरपर्यंत मागितले तर नवे मिळतात. म्हणजे रविवार मधे येतो. तोपर्यंत यांवरच सही करायची घाई असेल तर तुमच्या सहीचा चौकोन या शेवटच्या पानामागे आहे, पण माझं पेन जरा दाबून चालतं आणि शाई पलीकडं फुटली आहे. सही करायची झाली तर ती माझ्या अक्षरावरच करावी लागेल.